विषय मोजणारे गभणे सर

निकालाच्या दिवशी गभणे सर पेढे कापतात. वाटणं नंतर. आधी टेबलावर वर्तमानपत्र पसरून, कंपासपेटीतली सहा इंची पट्टी आणि दाढीचं कोरं ब्लेड घेऊन ते बसतात आणि बोर्डाच्या निकालाचा कागद समोर ठेवून एकेक पेढा मापून कापतात. पस्तीस मार्कांना एक अख्खा पेढा. वर कितीही मिळवा, पेढा एकच. पण पस्तिसाच्या खाली आलात, तर जेवढे मार्क तेवढा पेढा. अठ्ठावीसला पाचातले चार भाग. सतराला अर्ध्याहून चिमूटभर कमी. सात मार्कांचा पेढा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. तो सरांनी मुंगी उचलावी तसा उचलून एका पोराच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हे तुयं गणित. खाय, आन् वरून पानी पी."

मी भंडाऱ्याजवळच्या वरठीची. नवरा तिथल्या स्टील प्लांटमध्ये. बी.एड. करून घरी बसले होते, तेव्हा कोणीतरी सांगितलं की तुमसरला एका शाळेत दोन महिन्यांसाठी गणिताची बाई हवी आहे. त्या दोन महिन्यांना आता पाच वर्षं झाली.

शाळा म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम, मध्ये पत्रा घालून केलेले दोन वर्ग. मिल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी छताच्या फटींतून अजून धानाचा कोंडा झरतो. वर्ग संपेपर्यंत सगळ्यांची डोकी सोनेरी झालेली असतात. पाटीवर शाळेचं लांबलचक नाव आहे, पण ऑटोवाल्यांना ते माहीत नाही. ते म्हणतात, फेल शाळा. कारण इथे येणारा प्रत्येक जण कुठून तरी नापास होऊन, शाळा सोडून, लग्न होऊन किंवा कंटाळून आलेला. सर ऑटोवाल्यांशी भांडून थकले. शेवटी त्यांच्यातल्याच एकाला त्यांनी दहावीला बसवलं. तेव्हापासून तो एकटा पूर्ण नाव सांगतो.

माझ्या पहिल्या वर्षीच्या निकालाच्या दिवशी मी शाळेत शिरले, तर टेबलावर पेढ्यांचा ढीग. मला भरून आलं. म्हटलं, "सर, सगळे पास झाले?"

"छत्तीस पास झाले जी!" सर म्हणाले.

आमच्याकडे तेव्हा विद्यार्थी होते दहा.

"छत्तीस कोण?"

"छत्तीस विषय! मागल्या साली एकतीस होते. पाच वाढले ना!"

"पण सर, पूर्ण पास किती विद्यार्थी झाले?"

सरांनी ब्लेड खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, जणू नापास मीच झाले होते. "पोट्टे कायले मोजता मॅडमजी? पोट्टे मोजले का तिघं भरतेत. विषय मोजा. छत्तीस भरतेत!"

मी लहानपणापासून पहिल्या नंबरात येणारी. मला हे पटणं शक्यच नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, प्लांटमध्येही असा एखादा साहेब हवा होता.

सरांचा एक शब्द आहे, 'निंगते'. आमच्याकडे पास होणं म्हणत नाहीत, विषय निघाला म्हणतात. इंग्रजी निंगली, गणित राहिलं. सरांच्या जगात निघत नाही असं काहीच नाही. स्कूटर सुरू होत नसेल, तर तिला कुशीवर आडवी करून, "निंगते ना जी, निंगते." पावसात गोदामाच्या दारात पाणी तुंबलं, तर काठीनं नाली मोकळी करत, "निंगते." मी एकदा चिडून म्हटलं, "सर, याला समीकरण म्हणजे काय हेच कळत नाही, गणित कसं निघेल?" सर म्हणाले, "समीकरन कोठी कळलं मले? निंगलं ना!"

आता विद्यार्थी. गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा होते. सगळ्यांची ओळख करून देत नाही, चौघांची पुरे.

सिहोऱ्याची शेवंताबाई आणि तिचा मुलगा मंगेश. धानाची शेती. मंगेश दहावीत दोनदा राहिला, तेव्हा शेवंताबाई त्याला घेऊन आमच्याकडे आली. तो पळून जाऊ नये म्हणून पहिले आठ दिवस ती वर्गात मागच्या बाकावर बसून राहिली. नवव्या दिवशी मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं. दहाव्या दिवशी सरांनी तिचाही फॉर्म भरला. सातवी झालेली बाई, मधली वर्षं सरांनी कुठल्या नियमात बसवली, ते त्यांनाच ठाऊक. मंगेशचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. आईसोबत एका वर्गात बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. पुढे पालकसभा झाली. सर आधी शेवंताबाईला म्हणाले, "मंगेशचं अक्षर खराब हाय, ध्यान द्या." मग मंगेशला समोर बसवून तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "तुया आईचं गणितात चित्त नाई. घरी कोनी अभ्यास घेते का नाई?" मंगेशनं मान खाली घालून "घेतो सर" म्हटलं आणि वहीवर पालक म्हणून सही केली.

तिसरा राजू. खाणीतलं मँगनीज वाहणारा ट्रक चालवतो. ट्रक घेऊनच शाळेत यायचा. तो आत आला की गोदामाच्या दारातून उजेड यायचा बंद, म्हणून आम्ही दिवा लावायचो. रायपूर, विशाखापट्टणम, कुठे कुठे जाऊन आलेला माणूस. पण दोन वर्षं त्याचं सामाजिक शास्त्र राहत होतं, आणि तेही भूगोलामुळे.

चौथी यमुनाबाई. चिखल्याची, खाणीच्या कॉलनीजवळ घर. नवरा खाणीतून निवृत्त झालेला, नातवंडं शाळेत जाणारी. तिचे पाच विषय पहिल्याच वर्षी निघाले होते. राहिली होती इंग्रजी. पहिल्या वर्षी अकरा, मग एकोणीस, मग चोवीस, मग तीस. दरवर्षी तिचा इंग्रजीचा पेढा थोडा थोडा वाढत होता. चौथ्या वर्षी तर तो जवळजवळ गोल झाला होता. सर तो सगळ्यांना दाखवत फिरले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वरून एक साहेब आले. त्यांच्या हातात छापील फॉर्म होता, शाळेचा निकाल आणि विद्यार्थ्यांचं स्वरूप यांचा.

"वयोगट?" साहेबांनी विचारलं.

"पंधरा ते आजी," सर म्हणाले.

"आकड्यात सांगा."

"कागदावर सगळ्याइचा जनम एक जूनचा हाय साहेब. खरा इचाराल, तर यमुनाबाई म्हनते मी पुराच्या साली झालो. आता कोनता पूर, थे तिले आठवत नाई."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. "पालकांचा व्यवसाय?"

"राजूचा पालक राजू. ट्रक चालवते. मंगेशची पालक शेवंताबाई. शेवंताबाईचा मंगेश."

"म्हणजे?"

"दोघंही एकमेकाइच्या अभ्यासावर ध्यान ठेवून राहिले जी."

साहेब वाईट माणूस नव्हता. घाम पुसत त्यानं निकालाचा रकाना काढला. "गेल्या वर्षी पूर्ण उत्तीर्ण किती?"

"बेचाळीस."

"पटावर अकरा आणि उत्तीर्ण बेचाळीस?"

मग सरांनी विषयांचं गणित सुरू केलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. उठताना म्हणाले, "सर, विषय मोजायला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही. या वर्षी निम्मे विद्यार्थी तरी पूर्ण पास दाखवा. नाहीतर हे वर्ग बंद करून मुलं दुसरीकडे जोडावी लागतील."

साहेबांची गाडी गेली. सर दारातच उभे राहिले. डोक्यावर कोंडा पडत होता, तो त्यांनी झटकला नाही. मी म्हटलं, "सर, शेवंताबाईला दुसरीकडे कोण घेणार?" आमच्या राजूचा ट्रक कोण उभा करू देणार, हे मी बोलले नाही.

सर वळले आणि म्हणाले, "मॅडमजी, अकरा पोट्टे, सहा सहा विषय. आधी निंगलेले धरून किती?"

"सहासष्ट."

"मंग सहासष्ट काढू ना. निम्मे कायले?"

त्यानंतरचे चार महिने आमच्या गोदामात जे चाललं, त्याला अभ्यास म्हणावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

राजूला फेऱ्या जास्त लागल्या, वर्गाला यायला जमेना. सरांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि त्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसले. रायपूरपर्यंत. मांडीवर नकाशाचं पुस्तक. प्रत्येक पुलावर ट्रक थांबवायला लावायचे, "ही कोनती नदी?" मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. वैनगंगा राजूला येत होती. शिवनाथच्या पुलावर त्यानं हात टेकले, तर नाव आठवेपर्यंत सरांनी पुढे जाऊ दिलं नाही. तिथे एका पोलिसानं येऊन ट्रक का थांबवला विचारलं. सरांनी त्यालाच विचारलं, ही कोनती नदी. पोलिसालाही पटकन सांगता आलं नाही, असं राजू शपथेवर सांगतो.

भारत असा निघाला. पण दहावीच्या भूगोलात अर्धा ब्राझील आहे.

"सर, ब्राझीलले ट्रक जात नाई," राजू रडकुंडीला येऊन म्हणाला.

सरांनी फळ्यावर भंडारा जिल्हा काढला. "हे पाय. ॲमेझॉन म्हंजे आपली वैनगंगा समज, पर मोठी. मनौस कोठी? नदीच्या काठी, जंगलात. म्हंजे सिहोरा. ब्राझिलिया म्हंजे भंडारा, कारन तेथी साहेब लोक बसतेत. साओ पावलो म्हंजे नागपूर. गर्दी, कारखाने, पार्किंग नाई."

"आन् चिखला?"

"तिकडेही खानी हायेत. मँगनीज निंगते तिकडे!"

राजू ताठ बसला. "खरंच? ब्राझीलमधी मँगनीज?" त्या दिवसापासून त्याला ब्राझीलबद्दल आपुलकी वाटू लागली. तिथल्या ड्रायव्हरांना फेरीमागे काय मिळत असेल, असं तो मला मधल्या सुट्टीत विचारायचा.

यमुनाबाईसाठी सरांनी नियम काढला. शाळेच्या आवारात तिच्याशी सगळ्यांनी फक्त इंग्रजीत बोलायचं. परिणाम असा झाला, की आठ दिवस तिच्याशी कोणीच बोललं नाही. लोक तिला बघून दुसऱ्या वर्गात शिरायचे. नवव्या दिवशी ती स्वतःच माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "मॅडम, टुडे आय ॲम लेट. गोट इज लॉस्ट. आय फाइंड गोट. आय बीट गोट. नाऊ आय कम."

सर पत्र्यापलीकडे दुसऱ्या वर्गात शिकवत होते. तिथून टाळ्या ऐकू आल्या.

शेवंताबाई आणि मंगेश यांच्यात वेगळंच युद्ध पेटलं होतं. सराव परीक्षेत आईला गणितात जास्त मार्क पडले, तेव्हा मंगेश दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तोच पहाटे उठून अभ्यासाला बसला. शेवंताबाई मला कौतुकानं म्हणाली, "मॅडम, सोळा वर्स मी त्याले उठवून राहिलो, नाई उठला. आता म्या पुस्तक उघडलं का उठून बसते."

आणि मी? मी रोजची एक गाडी सोडून उशिराच्या गाडीनं वरठीला जाऊ लागले. नवरा म्हणाला, तुझाही एखादा विषय राहिला आहे का?

निकालाचा दिवस उजाडला. मे महिना, पत्रे तापलेले, सगळे अकरा जण गोदामात. एक वाजता निकाल मोबाइलवर येणार होता. नेटवर्क नाही. राजू मोबाइल घेऊन ट्रकच्या टपावर चढला आणि तिथून एकेक नाव ओरडू लागला. मी खाली कागदावर लिहीत होते. टेबलावर वर्तमानपत्र, पट्टी, ब्लेड तयार.

"मंगेश, सगळे निंगले!" "शेवंताबाई, सगळे निंगले! आन् मंगेशहून तीन मार्क जास्त!" मंगेशनं कपाळावर हात मारला, आणि मग आईच्या पाया पडला. ती त्याला दूर ढकलत हसत होती आणि रडत होती. मग राजूचा स्वतःचा निकाल आला. तो नुसताच "ब्राझील! ब्राझील!" असं ओरडला आणि टपावर नाचला. शेवटी यमुनाबाई. राजूनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग राजू म्हणाला, "इंग्रजी… सदोतीस!"

यमुनाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "थँक यू."

अकराच्या अकरा. सहासष्ट विषय. मी आयुष्यात इतकी कधी ओरडले नव्हते, स्वतः पहिली आले तेव्हासुद्धा नाही. कोणीतरी रिकामी बादली वाजवायला घेतली. वर्षानुवर्षं अडकलेला कोंडा त्या दणक्यानं खाली आला आणि आम्ही सगळे त्यात न्हाऊन निघालो.

सर टेबलाशी होते. ब्लेड हातात, पण कापायला काहीच नाही. त्यांनी सगळे पेढे अख्खे वाटले. मग हळूच माझ्याजवळ येऊन विचारलं, "मॅडमजी, नीट पाह्यलं ना? एकही नाई राह्यला?"

"एकही नाही सर!"

"बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं."

साहेबांचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केलं, वर्ग सुरूच राहतील म्हणाले. मी वरठीला येऊन दोन आठवडे नुसती झोपले.

मग एका सकाळी शेवंताबाईचा फोन. "मॅडम, सर आले होते परवा. मंगेशची मार्कशीट घेऊन." मला नवल वाटलं. मूळ मार्कशीट शाळेत येते, विद्यार्थी येऊन घेऊन जातात. मंगेशला अकरावीत प्रवेश घ्यायची घाई होती, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सर परत सिहोऱ्याला गेले होते, शेवंताबाईची द्यायला.

"एकाच घरी दोनदा?"

"हाव ना. म्या म्हटलं, दोनी एकदमच आनायच्या होत्या. तर म्हनते, राहून गेली."

मला तुमसरला काम होतंच, त्या दिवशी स्कूटीनंच निघाले. शाळेत गेले. सर एकटेच बसले होते, पुढ्यात एकच खाकी लिफाफा. मी म्हटलं, "सर, या उन्हात कशाला फिरता? सगळ्यांना फोन करा, येऊन नेतील. नाहीतर पोस्टानं पाठवा."

"पोस्टाले चहा कोन पाजते जी?" सर म्हणाले. मग लिफाफा उगाच सरळ करत म्हणाले, "ज्याइले पुढे शिकायचं हाय, त्याइच्या आधी देल्या. कोनाचं नुकसान नाई केलं. बाकीच्या रोज एक देऊन राहिलो. आता ही यमुनाबाईची शेवटची."

"रोज एक का?"

सरांनी लिफाफा पिशवीत सरकवला. "दरसाली पाच-सात जन राहून जातेत ना. थे उन्हाळ्यातच यायले लागतेत, पुस्तक घेऊन, डबा घेऊन. औंदा कोनी नाई. घरी जाऊन काय करू? भिंती शिकून शिकून हुशार झाल्या."

सरांच्या घरी कोण आहे, हे पाच वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही. म्हटलं, "चला, मी येते चिखल्याला. माझ्या स्कूटीवर."

यमुनाबाईनं अंगणात खाट टाकली. नवऱ्यानं पाणी आणलं. जंगलातून आणलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, तिनं सुपात आणून समोर ठेवली. पिवळी, मऊ, जिभेला चिकटणारी. सर एकामागून एक खात होते आणि बोलत होते. बकरीची चौकशी झाली. यमुनाबाईनं नातीला इंग्रजीत हाक मारून दाखवली. तिनं बँकेत जाऊन इंग्रजीत सही केली, तर तिथल्या माणसानं जुन्या अंगठ्याशी जुळत नाही म्हणून परत पाठवलं, हे ऐकून सर खाटेवरून पडायचे राहिले. दीड तास झाला. मार्कशीटचं नाव नाही.

शेवटी सर उठले. चपला घातल्या. यमुनाबाईनंच विचारलं, "सर, मार्कशीट आनली काय?"

सरांच्या खांद्याला रेक्झीनची पिशवी होती. तिची चेन अर्धी उघडी. आतून खाकी लिफाफ्याचा कोपरा मला दिसत होता. मी बघत होते, तर यमुनाबाईही तिकडेच बघत होती.

"अरे, राहूनच गेली जी," सर म्हणाले. "टेबलावर राहिली."

यमुनाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उरलेली टेंभरं सरांच्या रुमालात बांधत म्हणाली, "राहू द्या ना मंग. मले कोठी कॉलेजात जायचं हाय? मंगळवारी आना. मी वडे करून ठेवतो."

"मंगळवारी आनतो," सर म्हणाले. "पक्कं."

परतताना गोबरवाही गाव मागे पडलं. मग भर उन्हात मागून आवाज आला, "मॅडमजी, मंगळवारी तुमाले टाइम हाय काय?"

मंगळवारी माझ्याकडे पाहुणे येणार होते.

"आहे सर," मी म्हटलं.